शनिवारी न दाबलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. किती वाजले ते मला विचारू नका, ते मला जन्मात कधी कळलेलं नाही. किती लागले, एवढंच मला सांगता येतं. एका सेकंदाचे मी पाच भाग करतो आणि त्यातला एकही चुकवत नाही. माझ्या डोक्यावर एकच बटण आहे. ते पिरगाळलं की मला किल्ली बसते. एकदा दाबलं की मी निघतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो, आणि तिसऱ्यांदा दाबलं की माझे काटे शून्यावर जातात व आधीचं सगळं पुसलं जातं. हे तिसरं दाबणं तेवढं लक्षात ठेवा. माझी गोष्ट तिथेच अडली होती.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधला. तिथून मी बोटीनं मुंबईला आलो आणि फोर्टातल्या एका घड्याळजीच्या कपाटात दोन वर्षं नुसता बसून राहिलो. १९६३ साली हिलेल नागावकर नावाचे सव्वीस वर्षांचे गृहस्थ दुकानात आले. त्यांनी सहा स्टॉपवॉचं कानाला लावून पाहिली. माझ्यापाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "ह्याचा ठोका सरळ आहे." तेव्हापासून मी त्यांच्या उजव्या खिशात आहे.

हिलेल बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागकडे तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिलेल यांनी घाणा कधी चालवला नाही, पण शनिवार त्यांनीही पाळला. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत ते मला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि शनिवारी तारे दिसल्यावरच बाहेर काढायचे. मित्रांनो, पन्नास वर्षांत माझं बटण शनिवारी एकदाही दाबलं गेलेलं नाही.

त्यांचं काम असं होतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सकाळी घोडे सरावाला येत. कुठला घोडा किती अंतर किती सेकंदांत धावला, हे टिपून रेसच्या साप्ताहिकाला द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण उजाडता उजाडता साठ-सत्तर घोडे यायचे, कुणाच्याही पाठीवर नंबर नसायचा आणि ट्रेनर लोक मुद्दाम एका घोड्याची झूल दुसऱ्यावर टाकायचे. हिलेल घोडा चालीवरून ओळखायचे. खांबाजवळ घोड्याचं नाक आलं की त्यांचा अंगठा उतरायचा. एकदा एका ट्रेनरनं त्यांना खोटं पाडायला चार माणसं चार घड्याळं देऊन उभी केली. चौघांचे आकडे चार निघाले. त्या चारांच्या बरोबर मधोमध आमचा आकडा होता. त्या दिवसापासून रेसकोर्सवर एक म्हणच पडली, "नागावकरचा अंगठा म्हणजे अंगठा." ऐकून माझी छाती फुगली होती. स्टॉपवॉचला छाती नसते, पण तुम्ही समजून घ्या.

मग १९८४ साली हिलेल, त्यांची पत्नी रिवकाबाई आणि बारा वर्षांची मुलगी शानी इंग्लंडला आले. रिवकाबाईंचा भाऊ लंडनच्या पूर्वेला, इल्फर्डला राहायचा. हिलेल यांना तिथे कपड्यांच्या वेअरहाऊसमध्ये नोकरी मिळाली. घोडे संपले. मी स्वयंपाकघरात आलो. रिवकाबाई माझ्यावर अंडी उकडू लागल्या.

"अहो, साडेसात मिनिटं झाली का बघा तुमच्या ह्या डबड्यात," त्या म्हणायच्या.

मला फार अपमान वाटे. ज्यानं डर्बीचे घोडे मोजले, त्यानं अंडी मोजायची? पण खरं सांगतो, त्या मला रोज किल्ली द्यायच्या, ओल्या हातानं कधी धरायच्या नाहीत, आणि साडेसात मिनिटं झाली की काचेवरून पदर फिरवून म्हणायच्या, "शाबास." महालक्ष्मीत मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तिथे शाबासकी अंगठ्याला मिळायची.

पुढे शानी केंब्रिजला संशोधनाच्या कामाला लागली. हिलेल निवृत्त झाले होते. आईबाबा महिन्यातून दोनदा तिच्याकडे जाऊन राहू लागले. एकदा रिवकाबाईंनी बसथांब्यावरचं वेळापत्रक वाचलं आणि म्हणाल्या, "अहो शानीचे बाबा, इथून न्यूमार्केटला बस जाते. ते घोड्यांचं गाव ना? मग आपण इथे भांडी घासत काय बसलोय?"

मित्रांनो, न्यूमार्केटला मी जे पाहिलं ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. महालक्ष्मीत घोडे शहराच्या पोटात धावायचे. इथे गावच घोड्यांचं होतं. मोठ्या रस्त्यावर लॉऱ्या थांबायच्या आणि घोड्यांची रांग सावकाश रस्ता ओलांडायची. पलीकडे गवताचं रान वर चढत आभाळापर्यंत गेलेलं. ना कुंपण, ना खांब, ना स्टँड. त्या चढावर तीस, चाळीस, शंभर घोडे, तुकड्यातुकड्यांनी; अशा तुकडीला तिथे लॉट म्हणतात, आणि पहिल्या लॉटमध्ये सगळ्यात चांगले. हिलेल यांनी मला खिशातून काढलं.

"बघा ना," रिवकाबाई हळूच म्हणाल्या, "जसं काही अजून कुणी माणूस बनवलाच नाहीये."

पहिल्याच सकाळी हिलेल यांनी सवयीनं एका घोड्याची वेळ घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "अठ्ठेचाळीस!" तो घोडा वळून चालत परत येत होता. वरचा स्वार हेल्मेटखालून ओरडला, "काका, हळू बोला. ह्याला मराठी समजतं!"

तो विनय. पुण्याचा, घोरपडीचा. चाळिशीतला माणूस. पूर्वी पुण्याला जॉकी होता, वजन वाढलं म्हणून शर्यती सुटल्या, आणि आता इथल्या तबेल्यात सकाळी घोडे पळवण्याच्या कामाला होता. नागावकरचा अंगठा त्यानं लहानपणापासून ऐकलेला. "तुम्हीच ते?" म्हणत तो घोड्यावरूनच पाया पडायला वाकला आणि घोड्यानं त्याला जवळजवळ खाली टाकलं. त्या दिवसापासून बुधवारी आमची भेट ठरलेली. रिवकाबाई त्याच्यासाठी डब्यात काहीतरी न्यायच्या. वजनाचं कारण सांगून तो नाही म्हणायचा आणि मग सगळं खायचा.

आता अमेरिकेच्या शर्यतीबद्दल सांगतो. तिथे केंटकी राज्यात मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोठी डर्बी असते. तीन वर्षांचे घोडे आयुष्यात एकदाच त्यात धावू शकतात. जानेवारीत मालकांनी आपापल्या घोड्यांची नावं आधीच द्यायची असतात. चारशेच्या आसपास नावं येतात आणि शेवटी वीस घोडे धावतात. हिलेल यांचे महालक्ष्मीचे मित्र चंद्रशेखर न्यू जर्सीला राहायचे. ते दरवर्षी ती यादी टपालानं पाठवायचे. शर्यत शनिवारी, म्हणून आमच्या घरात ती कधी कुणी बघितली नाही. निकाल रविवारी सावकाश कळायचा. आमची डर्बी म्हणजे ती जानेवारीतली यादी. टेबलावर पसरायची, दोघांनी एकेक घोडा निवडायचा आणि मे महिन्यापर्यंत त्याच्यावर भांडायचं.

हिलेल बाप बघायचे, वेळा बघायचे. रिवकाबाई फक्त आईचं नाव वाचायच्या. ह्याला कारण होतं. त्यांच्यात आजारी माणसासाठी प्रार्थना करताना त्याचं नाव आईच्या नावानं घेतात. "देवाकडे माणूस आईच्या नावानं ओळखला जातो," त्या म्हणायच्या, "मग घोड्यानं काय पाप केलंय?"

२००७ सालच्या यादीत त्यांचं बोट एका नावावर थांबलं. पेडलर्स लँटर्न. ते दोघंही ओरडले. विनय ज्याच्यावर रोज बसायचा, तोच काळपट बदामी घोडा! कपाळावर दिव्याच्या वातीएवढा पांढरा ठिपका. मालक अमेरिकेत, म्हणून नाव गेलं होतं. विनय त्याला लाडानं पेडणेकर म्हणायचा.

"ह्याची आई कोण? तिनं काय जिंकलंय?" रिवकाबाईंनी विचारलं.

"काही नाही. ती कधी धावलीच नाही. शिंगरू असतानाच पाय दुखावला होता तिचा."

"मग हाच. आईची धाव तशीच शिल्लक राहिलीये. ती कुठं जाईल? पोरातच येणार."

"असं असतं होय?" हिलेल म्हणाले. "तुझ्या आईनं बोलण्यात काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. मग तुझ्यात एवढं कुठून आलं?"

"सासूकडून," रिवकाबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी नवस बोलला. घोडा जिंकू दे असा नाही. "अमेरिकेला जावो, न जावो. मे महिना उलटेपर्यंत चार पायांवर सुखरूप राहिला तर मी मलिदा करीन." मलिदा म्हणजे त्यांच्यात एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावानं करतात तो प्रसाद. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर पाच फळं.

आणि फेब्रुवारीत रिवकाबाई आजारी पडल्या. न्यूमोनिया झाला, मग हृदयानंही साथ सोडली. त्या शुक्रवारी हिलेल आणि शानी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पलंगाशी बसले होते. मी हिलेल यांच्या हातात होतो. दुपारपासून ते रिवकाबाईंच्या दोन श्वासांमधली वेळ घेत होते. सांगितलं कुणी नव्हतं. त्यांच्या हाताला दुसरं काही येत नव्हतं.

दुपारी त्या जाग्या होत्या. म्हणाल्या, "माझं टायमिंग घेताय? मी कुठल्या लॉटमधली?"

"पहिल्या," हिलेल म्हणाले.

"खोटं. तिथे माझं नाव कुणी दिलं?" असं म्हणून त्या हसल्या आणि मग झोपल्या.

फेब्रुवारीत इंग्लंडात दिवस लवकर मावळतो. एक श्वास झाला आणि हिलेल यांनी मला दाबलं. मी निघालो. तेवढ्यात शानी खिडकीकडे बघून म्हणाली, "बाबा, शब्बाथ लागला."

त्यांनी अंगठा उचलला आणि मला कपाटावर ठेवलं. पुढचा श्वास आला. त्यानंतर आणखी एक आला. मग आला नाही.

मी चालत होतो. मला थांबवायला कुणी नव्हतं. नर्सनं विचारलं, हे घड्याळ बंद करू का? हिलेल यांनी नकारार्थी मान हलवली. नियम म्हणून हलवली की दुसऱ्या कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. ज्या धावण्याला शेवटचा खांबच नाही, त्याची वेळ मी आयुष्यात प्रथमच घेत होतो. रात्रभर धावून माझी स्प्रिंग संपली आणि मी आपोआप थांबलो. एकोणीस मिनिटं, तेवीस सेकंद.

मित्रांनो, त्या आकड्याला काहीही अर्थ नव्हता. माझी लहान तबकडी तीस मिनिटांची आहे. ती रात्रीत किती वेळा फिरली, देव जाणे. स्प्रिंग जिथे संपली तिथे काटे उभे राहिले, एवढंच. हे हिलेल यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? तरीही ते रोज सकाळी मला उघड्या तळहातावर घेऊन तो आकडा बघायचे. सात दिवस सुतकाचे झाले, महिना झाला. ते शानीकडे केंब्रिजला राहायला आले. पण मला किल्ली दिली नाही. किल्ली दिली असती तर मी थांबलो होतो तिथूनच पुढे चालू लागलो असतो, आणि तो आकडा गेला असता. अंगठा चुकून लागू नये म्हणून त्यांनी माझ्या बटणावर कापडाची चिंधी बांधली. आत माझं तेल घट्ट होत होतं. मी बोलू शकत नव्हतो.

मार्चच्या शेवटी विनयचा फोन आला.

"काका, पेडणेकरचं अडलंय. मालक अमेरिकेतून विचारतोय, अर्धा मैल किती सेकंदांत? तिकडे सुरुवातीलाच फार जोर असतो म्हणे. आकडा चांगला असेल तरच विमानात बसवायचा. आणि आमच्या ट्रेनर बाई म्हणतात, इथे आम्ही घोडा बघतो, घड्याळ बघत नाही. तुम्ही या."

"घड्याळ तर सगळ्यांच्या फोनमध्ये असतं आता."

"घड्याळ असतं. खांब कुठे आहेत? ह्या झुडुपापासून त्या झुडुपापर्यंत वेळ घ्यायची, तीही पाव मैलावर उभं राहून. ते कुणाला येतं?"

हिलेल यांनी फोन ठेवला. शानीनं दुसऱ्या दिवशी त्यांना नवं डिजिटल घड्याळ आणून दिलं. "बाबा, हे घ्या. आईचं ते... ते तसंच ठेवा हवं तर."

बुधवारी त्यांनी मलाही बरोबर घेतलं, पण डाव्या खिशात. उजव्या हातात ते नवं. ट्रेनर मिसेस ऑल्डरटन सत्तरीच्या होत्या, काठी टेकत उभ्या. घोडा आला. मी खिशातून फक्त आवाज ऐकला. जमिनीतून आलेला आवाज, मग वारा, मग पिक् पिक्. नव्या घड्याळाचं बटण इतकं मऊ होतं की हातमोज्यातून ते दाबलं गेल्याचं हिलेल यांना कळलंच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. आकडा आला, पाऊण सेकंद.

मिसेस ऑल्डरटन म्हणाल्या, "एवढ्या वेळात मीसुद्धा अर्धा मैल जाऊ शकत नाही, मिस्टर नागावकर." मग म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी पुन्हा. त्यानंतर मला उत्तर द्यावंच लागेल."

विनय घोडा तबेल्यात सोडून परत आला तो तापलेलाच. "काका, मी वर बसून हात तुटेपर्यंत त्याला धरतो आणि तुम्ही खाली पिक् पिक् करता? तुमचं ते कुठेय? स्विस?"

हिलेल यांनी मला बाहेर काढलं. चिंधी सोडून तबकडी दाखवली आणि त्या शुक्रवारचं सगळं सांगितलं. विनयनं तबकडी जवळून पाहिली. मग त्यानं विचारलं, "काका, काकू इथे यायच्या तेव्हा त्या आकडा बघायच्या?"

"छे! आकडा मी सांगायला लागलो की कानांवर हात ठेवायची. म्हणायची, किती लागले ते मला नका सांगू, तो परत येताना दाखवा. धावून झाल्यावर घोडा चालत परत येतो ना, वाफा सोडत, मान खाली घालून? तेवढंच बघायला यायची ती."

"मग हे कुणासाठी ठेवलंय?"

हिलेल यांनी चिंधी पुन्हा बांधली. "तुला नाही कळणार," ते म्हणाले. विनय वाद न घालता डबा नसलेल्या पिशवीकडे बघत म्हणाला, "नसेल कळत."

घरी शानीनं विचारलं, "बाबा, पुढच्या बुधवारी जाणार?" ते म्हणाले, "तुझ्या आईचा घोडा आहे." पण मला माहीत होतं, ते अजून ठरवू शकले नव्हते. आकडा धरून ठेवायचा, तर घोड्याची वेळ घेता येत नव्हती. घोड्याची वेळ घ्यायची, तर आकडा सोडावा लागत होता. माझ्यात दोन्हींना जागा नाही. मला असंच बनवलं आहे.

तो बुधवार थंड आणि अगदी स्वच्छ उजाडला. गवतावर दहिवर होतं. शानीसुद्धा आली होती, कामावरून सुट्टी घेऊन. चढाखाली, लांब, एका काट्याच्या झुडुपाजवळ दोन घोडे गोल फिरत होते. एक सोबतीचा आणि एक आमचा. मिसेस ऑल्डरटन यांनी हिलेल यांच्या हाताकडे पाहिलं. हातात मी होतो. चिंधी अजून होती.

दोन्ही घोडे वळले. हिलेल यांनी दातांनी चिंधीची गाठ सोडली.

मित्रांनो, त्यांनी मला किल्ली दिली. दीड महिन्यात पहिल्यांदा. माझी स्प्रिंग आवळली आणि मी जिथे थांबलो होतो तिथूनच निघालो. तेवीस सेकंद होते त्याचे चोवीस झाले, पंचवीस झाले. हिलेल यांनी मला कानाला लावून ऐकलं. मला वाटतं, ती शेवटची काही टिकटिक त्यांना रिवकाबाईंसोबत हवी होती. तिसाव्या सेकंदाला त्यांनी मला दाबलं. मी थांबलो. शानीनं त्यांच्या कोटाची बाही धरली.

"आज बुधवार आहे," ते तिला म्हणाले, जसं काही तिला ते माहीत नव्हतं. आणि त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं. माझे काटे शून्यावर गेले.

मग घोडे आले.

सोबतीचा घोडा पुढे होता आणि आमचा त्याच्या मागे, मान गोळा करून. झुडुपाशी त्याचं नाक आलं मात्र, अंगठा उतरला. मी निघालो. मी कितीतरी वर्षं घोडे मोजलेत, मित्रांनो. मोजताना मी कधी घोड्याकडे पाहत नाही; आपण बरं, आपलं काम बरं. पण त्या दिवशी तळहातातून मला दिसलं. विनय वर हललासुद्धा नाही. त्यानं फक्त लगामावरचे हात दोन बोटं पुढे सोडले आणि तो काळपट बदामी घोडा खाली बसल्यासारखा झाला, लांब झाला, आणि सोबतीचा घोडा जागच्या जागी उभा राहिलाय असं वाटलं. जमीन हिलेल यांच्या टाचांतून वर वाजत होती. त्यांचा हात, मी, माझ्या आतली दात्यांची चक्रं, सगळं त्या एका ठोक्यावर. चारशे घोड्यांच्या यादीतलं ते एक नाव. त्याच्या आईनं जे कधी वापरलं नाही ते सगळं त्याच्यात आलं होतं आणि आमच्यासमोरून जात होतं. एवढं मोठं काहीतरी एवढ्या चार बारीक पायांवर कसं उभं राहतं, हे मला अजून कळलेलं नाही. मिसेस ऑल्डरटन यांनी डोक्यावरची टोपी काढली होती. का, ते त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

दुसरं झुडूप. अंगठा.

सत्तेचाळीस सेकंद आणि दोन पंचमांश.

हिलेल यांनी मला मिसेस ऑल्डरटन यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला. "पुन्हा दाखवा," म्हणाल्या. मग त्यांनी पेन्सिलीनं हातावरच आकडा लिहिला आणि फोन करायला गाडीकडे गेल्या. काठी तिथेच विसरल्या.

हिलेल यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोलाचा आकडा होता. मला वाटलं, आता चिंधी येणार. पण त्यांनी मला दाबलं, मी शून्यावर गेलो, आणि ते मला खिशात ठेवून शानीला म्हणाले, "चल. तो परत येताना बघायचाय."

घोडा चालत आला, वाफा सोडत, मान खाली घालून. विनयनं लगाम सैल सोडला. घोडा थांबला आणि त्यानं आपलं ओलं नाक हिलेल यांच्या छातीवर टेकवलं. तिथल्या खिशात खायला काही नव्हतं, नुसता रुमाल होता. हिलेल रडले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच रडले. "काय जबरदस्त आहेस रे," ते त्याला म्हणत होते, "काय जबरदस्त आहेस."

पुढचं थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये विमानाच्या आधी पेडलर्स लँटर्नच्या पुढच्या पायाचा सांधा हाताला गरम लागला, म्हणजे आत सूज होती. मिसेस ऑल्डरटन यांनी त्याला पाठवलं नाही. यादीतून त्याचं नाव गेलं, जसं दरवर्षी बाकीच्यांचं जातं. विनय फोनवर बातमी सांगताना अडखळत होता.

"चार पायांवर उभा आहे ना?" हिलेल यांनी विचारलं.

"उभा आहे की. माझ्या खिशातली गाजरं चोरतोय."

"मग झालं तर. मे संपला की मलिद्याला ये. रविवारी, केंब्रिजला."

जूनच्या पहिल्या रविवारी शानीच्या छोट्या स्वयंपाकघरात मलिदा झाला. पोहे शानीनं भिजवले. ते जरा गिच्च झाले. विनयनं दोनदा मागून घेतले. प्रार्थनेत रिवकाबाईंचं नाव त्यांच्या आईच्या नावासकट घेतलं गेलं, आणि मग हिलेल यांनी थांबून घोड्याचंही घेतलं, त्याच्या न धावलेल्या आईच्या नावासकट. शानी हसली नाही. आणि हो, त्या सकाळी अंडी उकडली होती. साडेसात मिनिटं. शानीनं माझ्या काचेवरून ओढणी फिरवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. कपाटात, खणात, चिंधीत बांधलेलं. ते नुसतं जपून ठेवू नका. त्याला किल्ली द्या, वर्षातून एकदा तेल घाला, कामाला लावा. वेळ घेऊन झाली की आकडा सांगा, लिहायचा असेल तर हातावर लिहा, आणि त्याला शून्यावर न्या. मग मान वर करा. घोडा चालत परत येत असतो. तो बघायला कुणीतरी उभं असावं लागतं.